ऊब आणि उबट

पत्र (जागेअभावी थोडं कापून):

"मावशी, मी ३३ वर्षांची. लग्न होऊन जळगावहून पुण्यात आले त्याला ९ वर्षं झाली. तळमजल्यावरचा भाड्याचा वन बीएचके. घरात नवरा, ८ वर्षांचा मुलगा आणि यंदा जूनपासून सासूबाई. मोबाइलवर परदेशातल्या घरांचे 'ऑटम'चे फोटो बघायचा मला नाद आहे. मंद दिवे, जाड पांघरूण, कपातून वाफ. आपलंही घर तसं दिसावं म्हणून नवरात्रात ४,५०० रुपये घातले. तपकिरी जाड पडदे, लोकरीसारखं दिसणारं ब्लँकेट, दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्या, नारिंगी पानांच्या प्लास्टिकच्या माळा. पावसाळ्यात हॉलच्या भिंतीला ओल आली होती, तिथं सोफा सरकवला, म्हणजे दिसायला नको. चार दिवसांत ब्लँकेटखाली घामाघूम झालो, मुलाला शिंका सुरू झाल्या आणि सासूबाई म्हणाल्या, 'हे घर आहे की थेटर?' त्या घटस्थापनेपासून गोधड्या धुतल्या नाहीत म्हणून बोलतायत ते वेगळंच. नवरा म्हणतो, पैसे पाण्यात गेले. मला एवढंच हवं होतं की संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर घरात बसावंसं वाटावं. माझं चुकलं कुठं?"

उत्तर:

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मेणबत्त्यांवर थांबले, दुसऱ्यांदा सोफ्यावर. सोफ्याचं तू जाता जाता लिहिलंयस, पण खरं दुखणं त्याच्याच मागे दडलंय.

फोटोंचं आधी बोलू. लंडनला ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात आणि मग पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो. बाहेर गारठा, झाडं उघडी होत चाललेली. तिथला माणूस खिडक्या घट्ट लावतो, जाड पडदे ओढतो, मेणबत्ती लावतो, पायांवर घोंगडं घेतो. त्याला थंडी घराबाहेर ठेवायचीय. तुझ्या पुण्यात याच महिन्यात काय चालू असतं? पाऊस नुकता परतलेला, आकाश धुतल्यासारखं, दुपारी ३२ अंश आणि पहाटे १८-१९. भिंतींनी चार महिने प्यालेलं पाणी आता उन्हाने बाहेर पडू बघतंय. आपल्याकडे शरदाला वैद्यांची आई म्हणतात ते उगाच नाही. सर्दी, पित्त, ताप, सगळं याच दिवसांत दारात उभं. अशा वेळी तू खिडक्यांवर जाड पडदे ओढलेस आणि ओल्या भिंतीला सोफा लावलास. घर बिचारं श्वास घेणार कुठून?

मराठीत 'ऊब' आणि 'उबट' हे जवळजवळ एकाच घरातले शब्द आहेत, हे तुझ्या कधी लक्षात आलंय का? दमट डब्यात बंद राहिलेलं धान्य उबतं, पीठ उबट लागतं. उष्णता तीच, पण तिला वाट मिळाली नाही की तिचा वास होतो. तुझ्या हॉलला आत्ता हेच झालंय. त्यावर दालचिनीची मेणबत्ती लावणं म्हणजे न धुतलेल्या सदऱ्यावर अत्तर. (माझे एक काका हे नेमाने करत. घरात कोणी त्यांच्या शेजारी बसत नसे आणि त्यांना वाटे, आपला दरारा आहे.)

तर आधी सोफा. रविवारी सकाळी नवऱ्याला दुसरीकडून धरायला सांग आणि सोफा भिंतीपासून बाहेर ओढ. कायमचा परत लावशील तेव्हाही मध्ये चार बोटं जागा सोड, हवा फिरली पाहिजे. भिंतीवर काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. मुलाला त्या वेळी बाहेर खेळायला पाठव, नाकाला मास्क लाव, साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पूस आणि पंखा लावून भिंत कोरडी कर. कोरड्या फडक्याने झटकू नकोस, नाहीतर तीच बुरशी घरभर उडेल. काहीजण ब्लीच वापरतात, काहीजण व्हिनेगर. दोन्ही एकत्र कधी म्हणजे कधीच करायचं नाही, विषारी वायू होतो. पोराच्या शिंका मेणबत्तीच्या असतील किंवा या ठिपक्यांच्या. भिंत साफ झाल्यावरही आठवडाभरात थांबल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखव.

मग एक प्रयोग. वीतभर प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा घे आणि ओलीच्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लाव. दोन दिवस हात लावू नकोस. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. म्हणजे कुठलातरी पाइप गळतोय, बाहेरच्या गिलाव्याला भेग आहे किंवा जमिनीतून ओल चढतेय. ते काम घरमालकाचं, तुझ्या खिशातलं नाही. मोबाइलवर फोटो काढ, तारखेसकट पाठव. थेंब बाहेरच्या बाजूला आले तर मात्र दमटपणा घरातलाच आहे. बंद खिडक्या, घरातल्या घरात वाळणारे कपडे, झाकण न ठेवता उकळणारी भांडी. त्यावर उपाय सोपा आणि फुकट. सकाळी दहानंतर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेव. तू ऑफिसात असतेस, पण सासूबाई घरी आहेत. ऊन उतरलं, डास घोंघावायला लागले, की बंद. जाळी असेल तर तीही घाई नको.

आणि कृपा करून दिवाळीसाठी भिंतीला रंग द्यायला जाऊ नकोस. हे मी पोळलेली म्हणून सांगते. एका वर्षी पाहुणे येणार म्हणून मी आश्विनातच ओल्या भिंतीवर पुट्टी आणि गुळगुळीत रंग मारून घेतला. रंगारी म्हणाला, "ताई, दोन वर्षं बघायला नको." लक्ष्मीपूजनाला भिंत आरशासारखी होती. होळीपर्यंत हाताएवढे पोपडे सुटले आणि पाहुण्यांच्या पोराने बसल्या बसल्या ते सोलून त्यातला एक नकाशा तयार केला. आतलं पाणी बाहेर पडायला जागाच ठेवली नव्हती, दुसरं काय होणार! भिंत खडखडीत वाळू दे, फेब्रुवारी-मार्चात बघ.

आता गोधड्या. तुला ते टोमण्यासारखं लागलं, पण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर सासूबाई घटस्थापनेपासून देतायत. नवरात्राआधी गावोगावच्या नद्यांवर, ओढ्यांवर, विहिरींवर बायका घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या, वाकळा, चादरी घेऊन जातात. घट बसायच्या आत घरातलं कापड न् कापड धुतलेलं हवं, असा दंडक. त्याला देवाचं कारण असेल, मी नाही म्हणत नाही, पण वेळ बघ ना कशी नेमकी धरलीय. पाऊस ओसरतोय, नदीला स्वच्छ पाणी आहे, ऊन कडक पडायला लागलंय आणि पुढच्या महिन्यात थंडी येणार आहे. चार महिन्यांची ओल, कसर, कुबट वास एका दिवसात बाहेर. पाण्यात भिजलेली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही, दोघींनी दोन टोकं धरून पिळावी लागते, म्हणून हे काम जोडीनंच व्हायचं. सासूबाईंनी आयुष्यभर ते केलंय. तुझ्याकडे येऊन त्या पहिल्याच वर्षी ते चुकलं.

दसरा झाला म्हणून काही बिघडत नाही. तुमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली मिळव. धुणं जमणार नसेल तर नुसतं ऊन दाखव. गाद्या, उशा, गोधड्या सकाळी दहाला वर न्यायच्या, दीडेक तासाने उलटायच्या, काठीने धोपटायच्या आणि तीन-साडेतीनला खाली आणायच्या. दव पडेपर्यंत ठेवलंस तर दिवसभराची मेहनत फुकट. खाली आणल्यावर गरम गरम घडी घालून कपाटात कोंबू नकोस. तासभर पलंगावर पसरून निवू दे, मग घडी. कपाटात कडुनिंबाची वाळलेली पानं किंवा पुरचुंडीत वेखंड. डांबरगोळ्या मला स्वतःला आवडत नाहीत, अख्खी दिवाळी त्यांच्या वासात जाते. त्या रात्री तोंडावर गोधडी ओढून झोप. तो उन्हाचा वास कुठल्याच मेणबत्तीवाल्याला अजून बाटलीत भरता आलेला नाही.

गच्ची मिळालीच नाही तर घरातलं ऊन शोध. सूर्य आता दक्षिणेकडे सरकतोय, त्यामुळे जी दक्षिणेची खिडकी मे-जूनमध्ये कोरडी होती तिच्यातून आता ऊन आत यायला लागेल आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेपर्यंत ते रोज थोडं थोडं आणखी आत सरकेल. समोर दुसरी इमारत आडवी नसली तर. एक दिवस सासूबाईंना सांग, बाराच्या सुमाराला ऊन कुठल्या फरशीपर्यंत येतं ते बघून ठेवा. त्या फरशीवर त्यांची खुर्ची मांड. बघता बघता ती घरातली सगळ्यात हवीहवीशी जागा होईल, आणि मग तिच्यावरून नातवाशी भांडणं. ती होऊ देत.

थेटराकडे येते. त्या वाक्याने तुझ्या डोळ्यांत पाणी आलं असणार, पत्रातून कळतंय. पण जरा त्यांच्या बाजूने बघ. वय झालं की डोळ्यांना उजेड जास्त लागतो. तुला जिथं मंद, छान वाटतं तिथं त्यांना ताटातली मिरची दिसत नाही. दुसरं, त्यांच्या हिशेबात तिन्हीसांजेला घरात अंधार नसतो. दिवेलागणीला देवापुढे दिवा, दारात दिवा, मुलं हातपाय धुऊन शुभंकरोतीला बसलेली. त्या वेळी घर उजळलेलं हवं, लक्ष्मी यायची वेळ. तू नेमकी त्याच वेळेला ट्यूब बंद करून मेणबत्ती लावतेस. तुझ्या फोटोत ती ऊब आहे, त्यांच्या डोळ्यांना ते अशुभ. दोघींचंही खरं आहे, फक्त वेळ एकच धरलीय.

म्हणून वेळ वाटून घ्या. दिवेलागणीपासून साडेआठपर्यंत घर लख्ख. दिवा लागू दे, पोराचा अभ्यास होऊ दे, पोळ्या होऊ देत. जेवणं आटोपली की ट्यूब बंद आणि तुझे दिवे सुरू. दिव्यांबाबत मात्र एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेव, कारण सगळा खेळ तिच्यावर आहे. एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे पांढराफटक, निळसर, दवाखान्यासारखा. २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळसर, कंदिलाच्या जवळ जाणारा. दुकानदार "वॉर्म व्हाइट" म्हणतो तो हाच. असे दोन बल्ब घे, शंभर-दीडशेच्या आसपास एकेक मिळेल. एक साध्या टेबल लॅम्पमध्ये, बसल्यावर खांद्याच्या उंचीला येईल असा. दुसरा सासूबाईंच्या खुर्चीशेजारी, थोडा जास्त वॅटचा, पोथी किंवा पेपर वाचता येईल असा. छतावरून पडणारा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर सावल्या पाडतो, बाजूने येणारा उजेड माणसं जवळ बसवतो. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

आणलेल्या सामानाचं काय? टाकू नकोस. जाड तपकिरी पडदे पश्चिमेच्या खिडकीला लाव. ऑक्टोबरात दुपारी तीननंतर तिथून जी भट्टी पेटते ती अडवायला तेच हवेत. बाकीच्या खिडक्यांना जुन्या सुती साड्यांचे पडदे कर, पारदर्शक, हवा जाणारे. ब्लँकेट डिसेंबरपर्यंत वर ठेव. पुण्यात पारा दहाच्या आसपास आला की नवराच ते पहिलं मागेल आणि तेव्हा तू "पैसे पाण्यात ना?" असं विचारायचं नाहीस. म्हणजे, एकदाच विचार. मेणबत्त्या बंद खोलीत लावू नकोस, काजळी धरते. दिवाळीत बाहेरच्या कट्ट्यावर लाव. प्लास्टिकच्या पानांबद्दल मात्र मला काही बरं बोलता येणार नाही. झेंडू आणि शेवंतीच्या दिवसांत प्लास्टिकची पानं! दसऱ्याला चढलेला झेंडू आता उतरलाय, पावशेर आणून पितळेच्या तांब्यात ठेव.

आणि फोटोतल्या भोपळ्याचा मोह सुटत नसेल तर मंडईतून छोटा अख्खा लाल भोपळा आण. न कापलेला भोपळा काही आठवडे सहज टिकतो. कोपऱ्यात ठेव, फोटो काढ, हौस फिटली की किसून गूळ घालून घारगे कर. परदेशातल्या किती जणींना अशी सजावट तळून खाता येते?

वासाचंही तसंच. तुला दालचिनी हवी होती ना? कोजागिरी दोन-तीन दिवसांवर आलीय. दूध आटवत ठेव, वेलची, जायफळ, केशर, हवी तर तुझी दालचिनी. चंद्र गच्चीवरूनच बघा, किल्ली मिळालेलीच असेल. त्यानंतर दिवाळीची भाजणी. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ, धणे, जिरे, एकेक वेगळं, मंद आचेवर. शेवटी धणे कढईत पडतात तेव्हा जो वास सुटतो तो जिन्यापर्यंत जातो आणि वरच्या मजल्यावरच्या बाई विचारायला येतात. प्रमाण सासूबाईंना विचार. तुला येत असलं तरी विचार. खानदेशातल्या घरात माप वेगळं निघेल, त्यावरून गप्पा होतील. त्या जूनमध्ये आपलं घर, आपली कढई, आपली शेजारीण सोडून आल्यात. का आल्या ते तू लिहिलं नाहीस, मी विचारत नाही. पण पाच महिन्यांत त्यांनी या घरात हक्काने केलेलं असं एखादं काम आहे का, हे तू जरा आठवून बघ. गोधड्यांची कुरकुर त्यातलीच असावी, असा माझा अंदाज.

पोराला सहामाही संपली की सुट्टी लागेल. तुझा तळमजला, म्हणजे दारापुढे मातीची एखादी पट्टी असणारच. त्याला तिथं किल्ला करू दे. माती घरात येईल, फरशी खराब होईल, अळीव पेरताना निम्मे पायदळी जातील. तरी करू दे. कारण किल्ला चालू असला की संध्याकाळी आपोआप सगळे दारात येतात. आजी खुर्ची घेऊन "बुरूज वाकडा झालाय" सांगायला, बाबा पाणी आणून द्यायला, आणि तू चहाचा कप घेऊन पायरीवर. फोटोतल्या त्या बायका खिडकीत एकट्याच बसलेल्या असतात बघ, पायाशी कुत्रा नाहीतर मांजर. तू लिहिलंयस की संध्याकाळी बसावंसं वाटलं पाहिजे. पायरीवर पाच मिनिटं बसून बघ, चहा थंड झाला तरी चालेल.

हे सगळं एका रविवारात होणार नाही. या रविवारी फक्त सोफा आणि गाद्या. बल्ब सोमवारी येताना आण. सोफा ओढल्यावर मागे काय काय निघालं ते मात्र मला कळव. आमच्याकडे दोन कंगवे, सासऱ्यांचा हरवलेला चष्मा आणि एक न उघडलेली लग्नपत्रिका निघाली होती. त्या लग्नाला आम्ही का गेलो नाही म्हणून ती माणसं तोवर दोन वर्षं आमच्याशी बोलत नव्हती.